ट्रेंट नदीकाठचं कोडं

इंग्लंडच्या साधारण मधोमध, ट्रेंट नदीच्या काठी नॉटिंगहॅम नावाचं शहर आहे. वस्ती जेमतेम सव्वातीन लाख. आपल्याला ते माहीत असतं रॉबिन हूडमुळे, फार तर ट्रेंट ब्रिजवरच्या कसोटी सामन्यांमुळे. पण युरोपातल्या मोठमोठ्या फुटबॉल क्लबांची मुळं शोधायला निघालं, की पुन्हा पुन्हा याच गावात येऊन थडकायला होतं आणि माणूस चक्रावतो.

१९०३ सालची गोष्ट. इटलीतल्या तुरिन शहरात विद्यार्थ्यांनी काढलेला एक क्लब गुलाबी शर्ट घालून खेळत असे. धुऊन धुऊन त्या शर्टांचा रंग विटला. संघातल्या जॉन सॅव्हेज या इंग्रज सहकाऱ्यानं नॉटिंगहॅममधल्या ओळखीतून नवे शर्ट मागवले. आले ते तिथल्या नॉट्स काउंटी क्लबाचे, काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे. तुरिनचा तो क्लब म्हणजे युव्हेंटस, आणि ते पट्टे आजतागायत त्याच्या अंगावर आहेत. त्याआधी, १८८६ मध्ये, लंडनजवळच्या वुलविच इथल्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांनी संघ काढला. त्यांच्यात पूर्वी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले काही जण होते. त्यांनी आपल्या जुन्या क्लबाला पत्र धाडलं, आणि फॉरेस्टनं लाल शर्टांचा एक संच आणि एक चेंडू पाठवून दिला. तो संघ पुढे आर्सेनल झाला. आणि १८९९ च्या डिसेंबरात मिलानमध्ये ज्यानं चार मित्र जमवून क्लब उभा केला, तो हर्बर्ट किल्पिन नॉटिंगहॅमच्या एका खाटकाचा मुलगा होता, कापडधंद्यातल्या नोकरीपायी इटलीत गेलेला. त्याच्या एसी मिलाननं पुढे युरोपचा चषक सात वेळा जिंकला.

हे सगळं ज्या गावानं वाटून दिलं, त्या गावाच्या स्वतःच्या क्लबांचं काय झालं? नॉट्स काउंटी १८६२ सालचा, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब. तो २०१९ मध्ये इंग्लंडच्या चार श्रेणींच्या लीगमधूनच बाहेर फेकला गेला आणि चार वर्षांनी परतला. युव्हेंटसनं मात्र जुनी ओळख ठेवली. २०११ मध्ये तुरिनमधल्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला त्यांनी नॉट्स काउंटीलाच खेळायला बोलावलं. सामना १-१ असा सुटला.

नदीपलीकडच्या फॉरेस्टची कथा याहून विलक्षण आहे. ब्रायन क्लफ जानेवारी १९७५ मध्ये तिथे मॅनेजर म्हणून आले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत रखडलेला होता. १९७७ मध्ये तिसरा क्रमांक मिळवून तो कसाबसा वर चढला. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडचा विजेता होता. १९७९ मध्ये म्युनिकला युरोपियन कप जिंकला, १९८० मध्ये माद्रिदला पुन्हा जिंकला. देशाची लीग एकदा आणि युरोपचा चषक दोनदा, असा हिशेब असलेला दुसरा क्लब युरोपात नाही. दरम्यान सलग ४२ लीग सामने हा संघ हरला नव्हता. युव्हेंटसच्या खात्यातही युरोपचे चषक दोनच आहेत, फॉरेस्टइतकेच. मँचेस्टर सिटीनं पहिला जिंकला तो थेट २०२३ मध्ये.

तरीही युरोपातले खरे महाकाय क्लब मोजायला बसलेला कुणी फॉरेस्टचं नाव घेत नाही. फॉरेस्टचे चाहतेसुद्धा घेणार नाहीत. २००५ मध्ये हा क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. युरोपचा चषक उचललेल्या क्लबावर अशी वेळ तोवर कधीच आली नव्हती. म्हणजे चषक मोजून क्लबाचं मोठेपण ठरत नाही, हे पक्कं. मग कशावरून ठरतं?

मला वाटतं, उत्तराचा पहिला तुकडा लिव्हरपूलमधल्या एका कोंदट खोलीत सापडतो.

१९५९ च्या डिसेंबरात बिल शँक्ली लिव्हरपूलला आले तेव्हा तोही दुसऱ्या श्रेणीतलाच क्लब होता. शँक्लींनी आधीच्या प्रशिक्षकांपैकी कुणाला काढलं नाही. बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट यांना त्यांनी तसंच ठेवलं. अॅनफिल्डच्या मुख्य स्टँडखाली खेळाडूंचे बूट टांगायची एक बारकी खोली होती, तिथे ही मंडळी सामना झाल्यावर बसू लागली. उलट्या घातलेल्या खोक्यांवर बैठक, हातात बिअर किंवा चहा. कोण दमलाय, कुणाचा गुडघा कुरकुरतोय, पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचा डावा बचावपटू कुठे कच्चा आहे, अशी सगळी चर्चा तिथे होई. पाहुण्या संघाच्या मॅनेजरलाही आदरानं आत बोलावत, एखादा ग्लास हातात देत आणि गप्पांच्या ओघात त्याच्याकडून हवं ते काढून घेत. रोजच्या सरावाच्या नोंदी वह्यांमध्ये होत असत. काय करून घेतलं, हवा कशी होती, दुखापती कुणाला झाल्या, असं सगळं. पाच वर्षांपूर्वी अशीच परिस्थिती आली होती तेव्हा काय केलं होतं, हे वही उघडून पाहता येई.

जुलै १९७४ मध्ये शँक्लींनी अचानक निवृत्ती जाहीर केली. गावाला धक्का बसला. एखाद्या साध्या क्लबाची गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांच्या जागी खोलीतलेच पेस्ली आले. १९३९ पासून क्लबात असलेला हा माणूस आधी खेळाडू होता, मग मालिश-उपचार करणारा, मग प्रशिक्षक. बोलण्यात अडखळणाऱ्या, कॅमेऱ्यासमोर अवघडून जाणाऱ्या पेस्लींनी नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप जिंकून दिले. शँक्लींना युरोपचा हा चषक एकदाही मिळाला नव्हता. पेस्लींनंतर खोलीतलेच फेगन आले, आणि पहिल्याच हंगामात, १९८४ मध्ये, लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तिन्ही घेऊन गेले.

आपल्याकडे गाण्यातल्या जाणकारांचा एक संकेत आहे. एकट्या गवयाच्या मोठेपणानं घराणं होत नाही. तीन पिढ्या ती गायकी टिकली, तरच तिला घराणं म्हणायचं. शँक्ली, पेस्ली, फेगन या तीन पिढ्या झाल्या. नॉटिंगहॅमला एकच पिढी होती, मैफल मारून नेणारी. क्लफ आणि त्यांचे जोडीदार पीटर टेलर या दोन माणसांच्या डोक्यात सगळा क्लब होता. टेलर १९८२ मध्ये क्लब सोडून गेले, पुढे दोघांचं बिनसलं, आणि १९९३ मध्ये क्लफ निवृत्त झाले ते संघ दुसऱ्या श्रेणीत उतरत असताना. क्लफ शँक्लींपेक्षा कमी प्रतिभावान होते असं कुणी म्हणू नये. माझ्या मते ते इंग्लंडमध्ये झालेले सर्वांत अद्भुत मॅनेजर होते. याआधी डर्बी काउंटी या दुसऱ्या एका साध्या क्लबालाही त्यांनी १९७२ मध्ये देशाचा विजेता केलं होतंच. पण ती जादू त्यांच्याबरोबर यायची आणि त्यांच्याबरोबर जायची.

आता गंमत बघा. ती बुटांची खोली १९९३ मध्ये पाडली गेली, पत्रकारांसाठी जागा हवी होती म्हणून. लिव्हरपूलनं १९९० नंतर तीस वर्षं लीग जिंकली नाही. त्याआधी १९८५ मध्ये हायझेल स्टेडियममध्ये ३९ माणसं चिरडून मेली आणि त्याचा कलंक लिव्हरपूलच्या चाहत्यांवर आला. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये त्यांचीच ९७ माणसं गेली. २०१० मध्ये मालकांच्या कर्जापायी क्लब बुडायच्या बेतात होता. एवढं होऊनही लिव्हरपूल लहान झाला असं एकदाही कुणाला वाटलं नाही. म्हणजे घराण्याच्या खालीही आणखी काहीतरी आहे.

ते काय, हे पाहायला तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मँचेस्टरला जावं. १९७४ मध्ये मँचेस्टर युनायटेड चक्क दुसऱ्या श्रेणीत उतरला. सहाच वर्षांपूर्वी युरोपियन कप जिंकलेला हा क्लब. शेवटच्या आठवड्यात युनायटेडचाच जुना लाडका डेनिस लॉ सिटीकडून खेळताना टाचेनं गोल करून गेला आणि त्यानं जल्लोषही केला नाही. त्या गोलनं युनायटेडला खाली ढकललं ही दंतकथा. इतर सामन्यांचे निकाल पाहता ते तसेही बुडणारच होते. पण खरी नवलाची गोष्ट पुढच्या हंगामात घडली. दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या युनायटेडच्या घरच्या सामन्यांना सरासरी ४८ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. त्या वर्षी पहिल्या श्रेणीतल्या एकाही क्लबाला एवढी गर्दी जमवता आली नाही. संघ खाली गेला आणि माणसं जास्त जोमानं आली!

ही ओढ कुठून येते? यातला बराच भाग दुःखाचा आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर बर्फाच्या चिखलात विमान कोसळलं. २३ जण गेले, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू, बहुतेक ऐन विशीतले. मॅनेजर मॅट बस्बी मरणाच्या दारातून परतले. बरोबर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांनी वेम्ब्लीवर युरोपियन कप जिंकला; त्या संघातले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स हे दोघं त्याच विमानातून वाचलेले होते. ज्या गावानं हे पाहिलं, त्या गावाला साऊदम्प्टन किंवा नॉरिचविरुद्धचा दुसऱ्या श्रेणीतला सामना हलका वाटणं शक्यच नव्हतं.

आणि हे केवळ युनायटेडपुरतं नाही. त्यांचे शेजारी मँचेस्टर सिटी १९९८-९९ चा हंगाम तिसऱ्या श्रेणीत खेळले. तेव्हा ना अबुधाबीचा पैसा होता ना कुठला चषक. तरी सरासरी गर्दी २८ हजारांच्या आसपास होती. २००८ मध्ये पैसेवाले आले ते रिकाम्या घरात आले नव्हते, हे सिटीला हिणवणारे विसरतात.

गर्दी आधी आणि चषक मागाहून, हे सूत्र फार आधी ओळखलेला एक माणूस होता. सान्तियागो बर्नाबेउ १९४३ मध्ये रियाल माद्रिदचे अध्यक्ष झाले. यादवी युद्धानंतरचा स्पेन भुकेकंगाल होता, आणि रियालनं १९३३ नंतर लीग जिंकलेली नव्हती. (जनरल फ्रँकोनं रियालला मोठं केलं असं सर्रास म्हटलं जातं, पण फ्रँकोच्या राजवटीच्या पहिल्या पंधरा वर्षांत लीगचे चषक उचलत होते ते बार्सिलोना, अॅटलेटिको, वॅलेन्सिया वगैरे. राजवटीला रियालचा उपयोग झाला हे खरं, तो मुख्यतः नंतर.) अशा काळात या गृहस्थांनी सभासदांना रोखे विकून पाऊण लाख माणसं मावतील असं स्टेडियम बांधायला घेतलं. डिसेंबर १९४७ मध्ये ते सुरू झालं. अनेकांना हा वेडेपणा वाटला. पण तिकिटांचा गल्ला भरू लागला, त्या गल्ल्याच्या बळावर १९५३ मध्ये अल्फ्रेडो दी स्टेफानो आला, १९५४ मध्ये लीग आली. आणि नेमक्या याच वेळी, १९५५ मध्ये, पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडादैनिकाच्या गाब्रिएल आनो यांच्या कल्पनेतून युरोपियन कप सुरू झाला. त्याच्या उभारणीत बर्नाबेउ स्वतः पुढे होते. इंग्लंडचा विजेता चेल्सी मात्र लीगच्या साहेबांनी अडवल्यामुळे घरीच बसला. पहिले पाचही चषक रियालनं नेले.

यातला पाचवा, १९६० चा, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक. रियाल ७, आइनट्राख्ट फ्रँकफर्ट ३; पुश्काशचे चार गोल, दी स्टेफानोचे तीन. त्या गर्दीत अठरा वर्षांचा एक स्थानिक पोरगा उभा होता, पुढे मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर झालेला अलेक्स फर्ग्युसन. इंग्लंडमध्ये लीड्सचे मॅनेजर डॉन रेव्ही यांनी तर पुढच्याच वर्षी आपल्या संघाचा जुना रंग टाकून त्याला रियालसारखा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवला. १९६६ नंतर रियालला पुढचा युरोपियन चषक मिळायला १९९८ उजाडावं लागलं. बत्तीस वर्षं! त्या काळात वाढलेल्या मुलांनी रियालला युरोप जिंकताना पाहिलंच नव्हतं, तरी तो पांढरा रंग पाहून प्रतिस्पर्धी दबकतच होते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की दूरदृष्टी, परंपरा आणि माणसांची माया असली की झालं. पण नशिबाचा भागही आहे, आणि तो कबूल न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. म्युनिकचंच बघा. १९६३ मध्ये जर्मनीत बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हा पहिल्या सोळा क्लबांत म्युनिकचा एकच घेतला गेला, आणि तो बायर्न नव्हता. होता १८६० म्युनिक. गावाचा लाडका, कामगारांचा क्लब. १९६६ मध्ये तो देशाचा विजेताही झाला. वगळल्या गेलेल्या बायर्नला महागडे खेळाडू घेणं परवडेना, म्हणून त्यांनी पोरांना खेळवलं. ती पोरं निघाली झेप मायर, गेर्ड म्युलर आणि फ्रान्झ बेकनबाउअर. यातला बेकनबाउअर लहानपणी १८६० चाच चाहता आणि तिकडेच जाणार होता. पण त्यानं स्वतः सांगितल्याप्रमाणे, मुलांच्या एका सामन्यात १८६० च्या एका पोरानं त्याला थोबाडीत मारली आणि त्यानं बेत बदलला. एका चापटीची एवढी किंमत फुटबॉलच्या इतिहासात दुसऱ्या कुठल्या क्लबानं मोजली असेल असं वाटत नाही. १८६० म्युनिक १९७० साली खालच्या श्रेणीत गेला. बायर्ननं १९७४, ७५, ७६ असे सलग तीन युरोपियन कप जिंकले. त्यांना १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं भव्य स्टेडियमही आयतं मिळालं. पुढे दोघांनी मिळून अलियान्झ अरेना बांधलं, तर १८६० ला पैशांच्या ओढाताणीत आपला अर्धा वाटा बायर्नलाच विकावा लागला. २०१७ मध्ये तो क्लब चौथ्या श्रेणीत जाऊन पडला.

पण चापटीनं मिळालेलं बायर्ननं जपलं, हेही खरं. १९७९ मध्ये गुडघ्यानं दगा दिलेला त्यांचा खेळाडू उली हेनेस सत्ताविसाव्या वर्षी क्लबाचा व्यवस्थापक झाला. पुढे बेकनबाउअर अध्यक्ष, रुमेनिगे कारभारी. मैदान सोडलेली माणसं कचेरीत आली. लिव्हरपूलच्या खोलीचाच हा जर्मन अवतार, फक्त हिशेबाच्या वह्या अधिक चोख. आजही बायर्नचा फुटबॉल चालवणाऱ्या कंपनीचा पाऊण वाटा सभासदांच्या क्लबाकडे आहे आणि उरलेला पाव आडिडास, आउडी आणि अलियान्झ या तिघांत विभागलेला आहे.

अशी चापट आता एखाद्या क्लबाचं नशीब पालटू शकेल का? मला शंका आहे, कारण १९९५ च्या आसपास एक दार बंद झालं. त्या वर्षीच्या मे महिन्यात आयाक्सनं व्हिएन्नात मिलानला हरवून चषक जिंकला. गोल करणारा पॅट्रिक क्लायव्हर्ट अठरा वर्षांचा होता आणि संघातली बरीच मुलं आयाक्सच्याच शाळेत घडलेली. डिसेंबरात युरोपीय न्यायालयानं बेल्जियन खेळाडू जाँ-मार्क बोस्मनच्या खटल्यात निकाल दिला: करार संपलेला खेळाडू फुकटात कुठेही जाऊ शकतो आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. कामगाराच्या हक्काच्या दृष्टीनं निकाल रास्तच होता. पण दोन-तीन वर्षांत तो आयाक्स संघ इटली-स्पेनमध्ये विखुरला. २००४ च्या पोर्तोनंतर २०२५ पर्यंत स्पेन, इंग्लंड, इटली, जर्मनी आणि फ्रान्स सोडून दुसऱ्या कुठल्याही देशातल्या क्लबाला हा चषक मिळाला नाही.

त्यात टीव्हीचा पैसा आला, आणि त्या पैशात आपलाही हातभार आहे. युरोपियन कपाचंच आजचं रूप असलेल्या चॅम्पियन्स लीगचा सामना सुरू होतो तेव्हा मुंबई-पुण्यात रात्रीचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात, आणि तरी घराघरांत आवाज बंद करून टीव्ही चालू असतात. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला ठेवलेला सामना आपल्या संध्याकाळच्या चहाला बरोबर जुळतो, तो उगाच नाही. प्रीमियर लीगच्या २०२२ पासूनच्या करारांत परदेशी प्रक्षेपणाच्या हक्कांनी देशांतर्गत हक्कांनाही मागे टाकलं. साहजिकच, जगाला ज्यांची नावं आधीच माहीत आहेत त्यांच्याकडेच हा पैसा वळतो. रियालचं एका हंगामाचं उत्पन्न २०२३-२४ मध्ये एक अब्ज युरोच्या पुढे गेलं. तोवर ते कुठल्याच क्लबाला जमलं नव्हतं.

नुसत्या पैशानं काय होतं आणि काय होत नाही, याचा प्रयोग पॅरिसनं करून दाखवला. १९७० मध्ये जन्मलेल्या पीएसजीला २०११ मध्ये कतारनं विकत घेतलं. २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, पुढे मेसी आला, एम्बापे तर होताच. युरोपचा चषक मिळाला तो २०२५ मध्ये, तिघंही निघून गेल्यानंतर, तरण्या पोरांच्या संघानं, अंतिम सामन्यात इंटरला ५-० असं लोळवून. आता पॅरिस महाकाय झाला का? ते ठरायला त्याला एकदा पडावं लागेल.

आपलं मोठेपण कागदावर कायमचं लिहून घ्यायचा घाट एकदा बड्या क्लबांनीही घातला होता. १८ एप्रिल २०२१, रविवारची रात्र. इंग्लंडचे सहा, स्पेन आणि इटलीचे प्रत्येकी तीन अशा बारा क्लबांनी 'सुपर लीग' जाहीर केली. संस्थापकांच्या जागा पक्क्या, कितीही हरले तरी बाहेर काढणं नाही. मिलान, युव्हेंटस आणि आर्सेनल हे तिघंही त्यात होते. टॉटनहॅमही होता, ज्यानं लीग शेवटची जिंकली १९६१ मध्ये आणि युरोपचा हा चषक कधीच नाही. चार चषकांचा आयाक्स आणि दोन चषकांचा बेन्फिका बाहेर. बायर्ननं नकार दिला.

मंगळवारी संध्याकाळी लंडनमध्ये चेल्सीचा ब्रायटनशी सामना होता. कोविडमुळे प्रेक्षकांना आत प्रवेशच नव्हता. तरी शेकडो चाहते स्टॅमफर्ड ब्रिजच्या दारात जमले आणि त्यांनी आपल्याच संघाची बस अडवून धरली. क्लबाचा जुना गोलरक्षक पेत्र चेक, तोवर अधिकारी झालेला, रस्त्यावर उतरून त्यांना हात जोडत होता, जरा वेळ द्या म्हणून. तेवढ्यात चेल्सी माघार घेणार असल्याची बातमी फुटली आणि रस्त्यावर नाच सुरू झाला. सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला, गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि ती रात्र सरायच्या आत इंग्लंडचे सहाही क्लब सुपर लीगमधून पाय काढत असल्याचं सांगून मोकळे झाले होते.